द म्यूज, डोंबिवली पूर्व

दोष कुणाला द्यायचाच झाला तर तो सामोशांना द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सभा चालू होती आणि मागच्या टेबलावर सामोसे गार होत होते. पुढे पडद्यावर आमच्याच जागेवर उभी राहणारी गगनचुंबी इमारत, मागे सामोसे, आणि मधे आम्ही, 'तितिक्षा' सोसायटीचे समस्त सभासद. अशा अवस्थेत माणसाने काय काय मंजूर केलं याचा हिशोब त्याच्याकडे मागू नये.

बिल्डरच्या ऑफिसातून आलेली समृद्धी नावाची मुलगी हसतमुखाने म्हणाली, "आणि आपल्या नवीन टॉवरचं नाव असेल, द म्यूज!"

एम, ई, डब्ल्यू, एस. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. सगळे "वा" म्हणाले आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. याला कारण आहे. महापालिकेला, वीज कंपनीला आणि समोरच्या जिमवाल्याला सोसायटीची इंग्रजी पत्रं मी लिहितो. विमा कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा माझ्या ड्राफ्टिंगबद्दल साहेबांनी भाषणात दोन शब्द काढले होते. तर सगळ्यांनी बघितल्यावर मी मान हलवली. ही मान फार वाईट आहे माझी. शब्द कळो न कळो, ती कळल्यासारखी हलते. मी हलवली म्हणून इतरांनी हलवली, आणि आमचे चेअरमन हरिहर दामले ओरडले, "सूचक सबनीस, अनुमोदक भालेराव! सर्वानुमते मंजूर! चला, चटणी घ्या."

प्रत्येक सोसायटीत एक कायमचा अनुमोदक असतो. आमच्याकडे तो मान चांगदेव भालेरावांचा. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर राहणारे, सभेला पहिल्या रांगेत बसणारे. टाकी धुण्यापासून वॉचमनच्या स्वेटरपर्यंत आमचे सगळे ठराव त्यांच्या वर केलेल्या हातावर पार पडलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात भालेराव, इस्त्रीचा शर्ट घालून.

"सबनीस, एक विचारायचं होतं. बसत नाही."

'बसत नाही' म्हणणारा माणूस नेहमी गंभीर काम घेऊन येतो. 

"त्या म्यूजचा अर्थ काय हो?"

"कुठलं म्यूज?" मी वेळ काढला.

"काल मी अनुमोदन दिलं ते. घरी गेल्यावर कांताने विचारलं, नाव काय ठरलं? सांगितलं. म्हणाली, म्हणजे काय? मला सांगता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते वाचले मी, आणि स्वतःच्या पत्त्याचा अर्थ येईना. लाज वाटली हो. तुम्ही सूचक, तुम्हाला माहीतच असणार."

"अर्थात," मी म्हणालो. आता हे 'अर्थात' कशाला म्हणालो? पण तोंडही त्या मानेचंच सख्खं भावंड. "फक्त सविस्तर सांगावं लागेल. संदर्भासहित."

"सवडीने सांगा. रविवारच्या आत मात्र. रविवारी सह्या आहेत ना? अर्थ कळल्याशिवाय मी सही करायचो नाही."

एवढं बोलून ते शांतपणे जिना चढून गेले आणि मी दारात उभा राहिलो.

आता या सहीचं महत्त्व सांगतो, म्हणजे मी पुढे जो मूर्खपणा केला त्याबद्दल सहानुभूती वाटेल. पुनर्विकासाच्या करारावर बिल्डरला झाडून सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. एक जरी कमी पडली तर तो समोरच्या सोसायटीकडे जाणार होता, आणि ते लोक तर गच्चीत हार घेऊनच उभे होते. इकडे आमच्या न्हाणीघराच्या छताचा एक पोपडा बादलीत पडल्यापासून माझी बायको सुहासिनी स्कूटरचं हेल्मेट घालून अंघोळ करत होती. मी हसलो तर म्हणाली, "तुमच्या डोक्यात जपण्यासारखं काही नसेल, माझ्या आहे." पण खरी गोष्ट आमच्या न्हाणीघराची नव्हती. ती भालेरावांच्या कांतावहिनींची होती. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं झालं की चौघेजण खुर्चीत बसवून त्यांना खाली आणायचे. एरवी त्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत. भाजीवाल्याशी बोलायचं तर वरून ओरडून. नव्या इमारतीची लिफ्ट सगळ्यात जास्त कुणाला हवी असेल तर त्यांना, आणि अडून बसला होता त्यांचाच नवरा, तोही माझ्या मानेपायी.

माझ्याकडे शाळेत बक्षीस मिळालेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. गेली बरीच वर्षं तो टीव्हीच्या स्टँडखाली टेकू म्हणून सेवेत होता. तो काढला तसा टीव्ही डावीकडे कलला आणि सुहासिनीची मालिका तिरकी झाली. तिकडे दुर्लक्ष करून मी पान उघडलं. पहिला अर्थ, मांजराचं ओरडणं. दुसरा, एक समुद्रपक्षी. तिसरा अर्थ वाचून मी चष्मा पुसला. ससाण्यांना कोंडून ठेवायचा पिंजरा, विशेषतः त्यांची पिसं झडत असताना.

"काय निघालं?" सुहासिनी मान तिरकी करून मालिका बघत होती.

"पिंजरा."

"अगं बाई! म्हणजे आपण घर सोडून पिंजऱ्यात जायचं? तेही पिसं झडलेली?"

"हा जुना अर्थ आहे गं."

"मग नवा बघा."

नवा बघितला. तबेला. मी शब्दकोश मिटला आणि आम्लपित्ताची एक गोळी घेतली.

संकटात माणसाने कुणाचाही सल्ला घ्यावा, पण चेअरमनचा घेऊ नये. मी घेतला. हरिहर दामले पाण्याच्या मोटारीपासून लोकांच्या मुलांच्या लग्नांपर्यंत सर्व विषयांवर विनामूल्य बोलतात.

"अर्थ लागतो कशाला?" ते म्हणाले. "तुमचं नाव आनंद. मी कधी विचारलं का काय संबंध म्हणून?"

"पण भालेराव विचारतायत ना!"

"मग सांगा राजवाडा."

"खोटं?"

"खोटं कसं? ससाणे कुणाचे? राजाचे. पिंजरा कुठे असणार? राजवाड्यात. म्हणजे निम्मं खरंच झालं की. उरलेलं निम्मं सही झाल्यावर सांगा."

हे मला पटलं नाही असं नाही. पण भालेरावांच्या तोंडावर ते बोलायचं कुणी? मी समृद्धीला फोन लावला. ती फार गोड बोलते. अर्थ विचारल्यावर म्हणाली, "सर, अर्थ असा नाहीये, एक व्हाइब आहे." नाव बदलता येईल का विचारलं तर एकदम तिचा आवाज बदलला. नकाशे, अर्ज, मंजुऱ्या सगळं त्या नावाने पुढे गेलंय, आता बदलायचं तर पहिल्यापासून सगळं, आणि तोवर आमचे सर थांबतील असं वाटत नाही. "समोरच्या सोसायटीला पण म्यूज चालेल असं म्हणाले ते लोक, सर."

चालेल! त्यांना कोंबड्यांचं खुराडं पण चाललं असतं.

शेवटी मी ठाण्याला जायचं ठरवलं. एक तर तिथल्या सरकारी कचेरीत नाव बदलायचं काही निघतंय का बघावं, आणि दुसरं म्हणजे नौपाड्यात सुहासिनीची मावसबहीण ऋजुता राहते, जिने सगळी हयात कॉलेजात इंग्रजी शिकवलं. कचेरीत मला एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून चहाला गेलेल्या तिसऱ्यावर पाठवण्यात आलं. तिसरे गृहस्थ परत येऊन म्हणाले, "बिल्डिंगला बिल्डर काहीपण नाव देऊ दे, आमच्याकडे सोसायटीचंच नाव राहतं. तुमची कुठली?"

"तितिक्षा."

"छान आहे. म्हणजे काय?"

"ते... शिक्षणाशी संबंधित आहे," मी म्हणालो आणि घाईने जिना उतरलो.

ऋजुताला मात्र शब्द ऐकून इतका आनंद झाला, की तिने गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं. "अय्या, म्यूज! आनंदराव, किती प्रवास केलाय या शब्दाने!" माझाही झाला होता, पण तो ऐकायला तिला सवड नव्हती. ती सांगत सुटली. फ्रेंचमधे पिसं झडण्याला जो शब्द आहे त्यातून हा आला, आणि तो लॅटिनमधून, 'बदलणे' या अर्थाच्या धातूपासून. तो मूळ लॅटिन धातू सभेत उच्चारायचा नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. मराठी कानाला तो सरळ मुतारीकडे नेतो. तर लंडनमधे राजाच्या ससाण्यांचं एक घर होतं. पिसं झडायच्या दिवसांत त्यांना तिथे ठेवायचे. पुढे ते जळालं आणि त्याच जागी राजाचे तबेले बांधले. पक्षी गेले, घोडे आले, नाव तेच राहिलं. मग कुठल्याही तबेल्याला लोक म्यूज म्हणायला लागले. मग श्रीमंतांच्या मोठमोठ्या घरांच्या मागे गल्ल्या झाल्या. खाली घोडे, वर नोकर. त्या गल्ल्या म्हणजे म्यूज.

"मागची गल्ली?" मी विचारलं. "नोकरांची?"

"हो ना! आणि मोटारी आल्यावर घोडेही गेले. आता तीच घरं इतकी महाग झालीयत की आपल्यासारख्यांनी नुसतं बघावं."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. भालेरावांनी मला एकदा जिन्यात सांगितलेलं आठवत होतं. त्यांचं लहानपणीचं घर गावकुसाबाहेर. पोस्टमन तिकडे यायचाच नाही. पत्रं चावडीवर टाकून जायचा, आणि गावातल्या कुणाला दया आली तर ती पोचायची. मामाच्या मरणाचं पत्र त्यांच्या आईला तेरावं उलटून गेल्यावर मिळालं. "म्हणून मी पोस्टात गेलो, सबनीस," ते म्हणाले होते. आता या माणसाला मी जाऊन सांगायचं, की तुम्ही ज्या पत्त्याला हात वर केलात तो मागच्या गल्लीचा आहे? मला खरंच रडू यायच्या बेतात होतं.

आणि अशा मनःस्थितीत मी परतीच्या बसमधे बसण्याआधी हरिहररावांना फोन करून सगळं सांगितलं. का? मोकळं व्हावंसं वाटलं म्हणून. दुसरं कारण नाही.

शीळफाट्याला बस थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आम्ही. खिशात फोन थरथरायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर हरिहररावांनी टाकलं होतं, 'म्यूज म्हणजे नोकरांची मागची गल्ली, घोड्यांसकट. आपल्या सबनीसांचं ठाण्यातून संशोधन. अभिनंदन!' खाली फुलांचा गुच्छ. मग सगळे तुटून पडले. कुणी म्हणे मला तेव्हाच शंका आली होती, कुणी म्हणे सूचकाने राजीनामा द्यावा. सूचकाचा राजीनामा कसा देतात हे मला माहीत नाही. मी फक्त एका नावाकडे डोळे लावून बसलो होतो. बऱ्याच वेळाने तो मेसेज आला.

'वाचलं. चां. भालेराव.'

बस हललेली नव्हती. मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि मनात म्हटलं, इथेच उतरून कुठेतरी निघून जावं. पण शीळफाट्याहून माणूस जाणार कुठे?

रविवारी सभागृह भरलं. घरावर दुसरं नाव असलेल्या सहसभासदांच्याही सह्या लागणार होत्या म्हणून कांतावहिनींना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. छान अबोली रंगाची साडी नेसल्या होत्या, आणि खिडकीबाहेरचं पेरूचं झाड जवळून बघत होत्या. मागे सामोसे होतेच. पण त्या दिवशी कुणी वळून बघितलं नाही.

"पहिला विषय," हरिहरराव म्हणाले, "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे."

भालेराव उठले. "त्याआधी सबनीसांनी अर्थ सांगावा. मोबाईलवरचे तुकडे नकोत मला. सगळा सांगा, पहिल्यापासून."

मी उठलो. हरिहरराव ओठांनी 'राजवाडा, राजवाडा' करत होते. मी भालेरावांकडे बघितलं आणि राजवाडा सोडून दिला. सगळं सांगितलं. ससाणे, झडलेली पिसं, आग, घोडे. नोकरांच्या खोल्या आल्या, तरी मी मागची गल्ली हे शब्द गाळले नाहीत. मग मोटारी, आणि शेवटी महाग झालेली घरं.

"आभारी आहे," भालेराव म्हणाले. "राजवाडा नाही सांगितलात."

म्हणजे हरिहररावांचे ओठ पहिल्या रांगेतून दिसत होते.

"सही मी करणार," ते पुढे म्हणाले, आणि सबंध सभागृहाने श्वास सोडला. "कांतासाठी करणार. पण अनुमोदन मागे घेतो. गावाच्या मागून निघून मी इथवर आलो. मागच्या गल्लीला माझ्या हाताने अनुमोदन नाही देणार. दुसरा कुणीतरी हात वर करा."

आणि इथे घोळ झाला. अर्थ माहीत नव्हता तेव्हा जे नाव सर्वानुमते मंजूर झालं होतं, त्याला अर्थ कळल्यावर एकही हात वर येईना. कुणी चप्पल शोधायला लागलं, कुणी छताकडे बघायला लागलं. अनुमोदक नाही तर इतिवृत्त कायम नाही, आणि इतिवृत्त कायम नाही तर पुढचा विषय नाही, म्हणजे सह्या नाहीत. समृद्धी रडकुंडीला येऊन म्हणाली, "कुणीतरी हात वर करा ना, प्लीज." मीच केला असता, पण सूचकाला अनुमोदन देता येत नाही.

"त्यापेक्षा जुनंच नाव ठेवू या!" मागून कुणीतरी ओरडलं. "तितिक्षा! आपलं, मराठमोळं!" टाळ्या पडल्या.

"ठेवू या," भालेराव म्हणाले. "त्याचा अर्थ कुणाला येतो?"

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. देवाशप्पथ सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी मान हलू दिली नाही. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

"राहायला आलो तेव्हा मी बघून ठेवला होता," भालेराव म्हणाले. "तितिक्षा म्हणजे सोसणं. कुरकूर न करता सोसत राहणं."

कोपऱ्यात छताचा एक बारीक पोपडा सुटून खाली पडला. 

"अहो, मग ते तर झालं की," कांतावहिनी म्हणाल्या.

त्या सभेत पहिल्यांदाच बोलत होत्या. वरून भाजीवाल्याला हाक मारून मारून आवाज खणखणीत झालेला.

"सोसून झालं की सगळं. किती सोसायचं एकाच नावाखाली? सबनीस भावजी, त्या पिंजऱ्यातला पक्षी कायम कोंडलेलाच असतो का?"

"नाही वहिनी. नवी पिसं आली की सोडतात."

"आणि ते वरचे नोकर?"

"ते गेले. घरं राहिली."

"घरं राहिली ना? मग त्यात जो राहतो त्याचं घर." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही गावाच्या मागून आलात, खरं आहे. मीही तिथूनच आले, तुमच्या मागोमाग. पण मागची गल्ली म्हणून अडून बसताय, मला पुढची तरी कुठे दिसतेय? वरून दिसते ती काय गल्ली झाली? मला त्या गल्लीत पाय टाकायचाय. मागची असू दे नाहीतर पुढची." आणि त्यांनी हात वर केला. "अनुमोदक मी. लिहा."

हरिहरराव चाचरले. "वहिनी, तुम्ही सहसभासद, तेव्हा नियमाप्रमाणे..."

"मग खुर्चीसकट खाली कशाला आणलंत मला? सामोसे खायला?"

 खिशातलं पेन काढून भालेरावांनी हरिहररावांपुढे ठेवलं. "नाव पूर्ण लिहा," ते म्हणाले. "कांता चांगदेव भालेराव." आणि पहिली सही त्यांनी केली.

सामोसे त्या दिवशी मी खाल्ले नाहीत. वहिनींना वर न्यायचं होतं. खुर्चीचा उजवा मागचा पाय माझ्याकडे आला. पुढे भालेराव, "सावकाश, सावकाश" करत उलटे जिना चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही दम खायला थांबलो तेव्हा वहिनींनी मान वळवून हळूच विचारलं, भालेरावांना ऐकू जाणार नाही असं.

"भावजी, नवी पिसं यायला किती दिवस लागतात हो?"

मी बिल्डरने सांगितलेली मुदत आठवली, आणि बिल्डरांच्या मुदती मला माहीत आहेत. "तीनेक वर्षं लागतील, वहिनी."

 वहिनींनी साडीचा काठ सावरून घेतला.

"मग जपून धरा मला," त्या म्हणाल्या. "तेवढं थांबायचंय."

मी खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि आम्ही पुढची पायरी चढलो.